ब्रेक दाबला की लुकलुकणारे दिवे बसवल्याने गाडी सुरक्षित होते का?

तुम्ही विचारलंय की ब्रेक मारल्यावर लुकलुकणारे ब्रेकलाइट बसवले तर मागून धडक बसायची भीती कमी होईल का, आणि दुकानदार आग्रह करतोय तर बसवून घ्यावेत का. ब्रेकलाइट लुकलुकवणारी जी छोटी मॉड्यूल बाजारात मिळतात ती बसवू नका. मी साताऱ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. असली मॉड्यूल घेऊन गिऱ्हाइकं येतात, त्यांना मी परत पाठवतो. ती दुसऱ्या दुकानात जातात हे मला माहीत आहे, जाऊ देत.

एवढं ठाम बोलायला कारण आहे आणि ते आमच्याच घरात घडलंय.

बायकोचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, त्यांनी त्यांच्या गाडीला असं मॉड्यूल पुण्यातून बसवून आणलं होतं. ब्रेकला नुसता पाय टेकला की मागचे लाल दिवे भराभर उघडझाप करायचे आणि पाय उचलेपर्यंत थांबायचेच नाहीत. मी तेव्हाच म्हणालो होतो, "अण्णा, हे काढून टाका." ते म्हणाले, "दाजी, तुम्हाला विचारून बसवलं नाही म्हणून तुम्हाला राग आलाय." मला राग नव्हता. पण पुढे प्रत्येक वेळी हेच ऐकावं लागलं.

मग पुण्याला भाचीचं लग्न होतं. आदल्या दिवशी अंधार पडल्यावर आम्ही निघालो. पुढे अण्णा आणि वहिनी, गाडी रुखवताच्या सामानाने मागच्या काचेपर्यंत भरलेली. त्यांच्या मागे एक पिकअप आणि पिकअपच्या मागे अंतर ठेवून मी. खंबाटकीचा बोगदा झाला, खालचं ते एस वळणही नीट पार पडलं. त्या उतारावर अण्णा सारखे ब्रेकला पाय लावत होते, लावायलाच हवा होता. दर वेळी दिवे लुकलुकत होते. मला मागून दिसत होतं की पिकअपवाला पहिल्या दोन-तीन वेळा दचकून ब्रेक मारतोय आणि नंतर मारायचा सोडून दिलाय. साखर कारखान्याचा भोंगा पाळी बदलताना वाजतो म्हणून लोक त्यावर घड्याळ लावतात, तो दर पाच मिनिटांनी वाजायला लागला तर कोण कान देईल?

वळण संपून रस्ता सरळ झाला आणि डाव्या लेनमध्ये उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, रेडियमची एक पट्टी नाही, वरून मोळ्या दोन्ही बाजूंनी लोंबतायत. अण्णांना तो अगदी जवळ गेल्यावर दिसला. उजवीकडे एसटी होती, म्हणून त्यांनी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला. गाडी थांबली, ट्रॉलीला लागली नाही. अण्णांच्या चालवण्याला मी कधीच नावं ठेवली नाहीत, त्या रात्री त्यांनी गाडी फार चांगली सांभाळली. पण पिकअप थांबली नाही. ती थोडी उजवीकडे झुकली आणि तिचा डावा कोपरा अण्णांच्या गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर बसला. रुखवतातली भांडी फुटली, डिकी आत गेली, वहिनींच्या मानेला हिसका बसला तो पुढे बरेच महिने दुखत होता. मी लांब होतो, आरामात थांबलो.

पिकअपवाला पोरगा खाली उतरून थरथरत होता. तो म्हणाला, "मला वाटलं डावीकडे हॉटेलला वळताय, इंडिकेटर दिसला." सगळे त्याच्यावर ओरडत होते. मी मात्र टॉर्च घेऊन गाडीच्या मागे गेलो आणि एकाला ब्रेक दाबायला सांगितला. उजव्या बाजूचा दिवा लागतच नव्हता. काच आणि पत्रा धडकेत फुटले होते, पण बल्बचा होल्डर शाबूत होता आणि त्याचा कॉन्टॅक्ट हिरवा पडून गंजलेला होता. असा गंज एका रात्रीत चढत नाही. मागच्या काचेच्या आतला, मधोमध असतो तो तिसरा ब्रेकलाइट रुखवताच्या खोक्यांनी झाकलेला. म्हणजे मागच्याला काय दिसलं? डाव्या कोपऱ्यात एक दिवा लुकलुकतोय. त्याने त्याचा जो अर्थ काढला तो कुठल्याही ड्रायव्हरने काढला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी इतकी वर्षं अण्णांना सांगतोय. साधा, स्थिर ब्रेकलाइट अर्धा बंद पडला तरी उरलेला अर्धा ब्रेकच सांगतो. लुकलुकणारा अर्धा बंद पडला की तो इंडिकेटर होतो. आपल्या रस्त्यांवर एका बाजूचा दिवा गेलेल्या किती गाड्या फिरतात ते आज रात्री बाहेर पडून बघा.

अण्णांचं म्हणणं उलटं. मॉड्यूल नसतं तर पिकअप आणखी जोरात आदळली असती. माझी बायकोही भावाच्याच बाजूची. सिद्ध कोणालाच करता येणार नाही म्हणून वाद मिटत नाही, पण तो गंजलेला होल्डर मी दुकानात जपून ठेवलाय.

आता शास्त्राचं. लुकलुकण्याची कल्पना मुळात वेडगळ नाही. १९७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींना मागे एक पिवळसर दिवा लावून पाहिला होता, ब्रेक जेवढा जोरात तेवढा तो जलद लुकलुकायचा. त्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका ६० टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या. अण्णांनी हा आकडा कुठेतरी वाचलाय आणि दर भेटीत तो मला ऐकवतात. त्यापुढचं ते ऐकून घेत नाहीत. अमेरिकेतल्याच नंतरच्या चाचण्यांत टॅक्सींना मागच्या काचेपाशी न लुकलुकणारा, स्थिर लाल दिवा लावला, तरी धडका निम्म्याच्या आसपास कमी झाल्या. म्हणजे कमाल लुकलुकण्याची नव्हतीच, उंचावर मधोमध जादा दिवा असण्याची होती आणि बरीचशी नवलाईची होती. १९८६च्या मॉडेलपासून अमेरिकेत तो तिसरा दिवा सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचा झाला. लोकांच्या डोळ्यांना सवय झाल्यावर तिथल्या सरकारी संस्थेने हिशेब केला तेव्हा फायदा ४.३ टक्क्यांवर येऊन ठेपला होता. तोही लहान नाही, लाखो गाड्यांवर मोजला तर मोठाच आहे. पण ६० कुठे आणि ४.३ कुठे. आणि ब्रेकलाइट स्थिरच जळला पाहिजे, असा तिथला नियम आहे.

युरोपातल्या नियमांत लुकलुकण्याला जागा आहे, पण कशी ते बघा. वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर हवा आणि ब्रेक इतका कडक हवा की मोटारीचा वेग दर सेकंदाला ताशी २१-२२ किलोमीटरने उतरतोय. तेव्हाच दिवे सेकंदाला साधारण चार वेळा, सगळे एकदम लुकलुकतात. ब्रेक सैल झाला की बंद. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लागतो, त्याच्या निदान दुप्पट हे जलद, म्हणजे गल्लत व्हायची शक्यता कमी. हल्ली आपल्याकडच्याही बऱ्याच गाड्यांत कंपनीकडूनच ही सोय येते. एका जर्मन कंपनीचा दावा आहे की यामुळे मागच्याची प्रतिक्रिया ०.२ सेकंद लवकर होते. ताशी १०० ला तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर जाते. साडेपाच मीटर म्हणजे एका गाडीहून जास्त लांबी. मागचा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला असेल तर डोळ्याच्या कोपऱ्यात लुकलुक आधी पकडली जाते, हेही खरं.

बाजारातल्या स्वस्त मॉड्यूलला यातलं काही कळत नाही. त्याला वेग माहीत नसतो, ब्रेक किती जोरात दाबलाय ते माहीत नसतं. सिग्नलला उभे आहात, घाटात हलकेच पाय ठेवलाय, समोर ट्रॉली आलीय, तिन्हीला एकच नाच. शिवाय ते ब्रेकलाइटच्या वायरीत मध्ये बसतं. डिकीच्या उष्णतेने त्यातलं सोल्डर सुटलं की ब्रेकलाइटच जातो आणि चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. अशा गाड्या माझ्याकडे लाइट लागत नाही म्हणून येतात. मॉड्यूल काढून वायर सरळ जोडली की लागतो.

पैसे घालवायचेच असतील तर मागचे दोन्ही बल्ब, होल्डर आणि पेडलचा ब्रेकस्विच तपासून घ्या, तिसरा दिवा सामानाने झाकू नका. बाईक असेल तर पुढचा ब्रेक दाबल्यावर मागे दिवा लागतो का ते बघा, जुन्या बऱ्याच गाड्यांत तो फक्त पायाच्या ब्रेकवर लागतो. गावाकडे कोणाचा ट्रॅक्टर असेल तर त्याच्या ट्रॉलीला रेडियम लावून द्या. त्या रात्री ट्रॉलीला रेडियम असतं तर अण्णांना एवढा ब्रेक मारावाच लागला नसता, आणि हे मात्र ते मान्य करतात.

एक राहिलं. तुमच्या गाडीत कंपनीचा इमर्जन्सी स्टॉप सिग्नल, म्हणजे फक्त कडक ब्रेकला दिवे लुकलुकवणारी सोय असेल तर माझं वाचून तो बंद करायला जाऊ नका. तो वर सांगितलेल्या नियमांनुसार चालतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. मी बोलतोय ते दुकानात वेगळ्या विकल्या जाणाऱ्या मॉड्यूलबद्दल. दुकानदार "कंपनीसारखंच आहे" म्हणाला तर त्याला विचारा, याला गाडीचा वेग कुठल्या वायरीतून कळतो.