व्यक्तिस्वातंत्र्य आणि सार्वजनिक हित यांत संघर्ष झाला, तर लोकशाहीने कोणाची बाजू घ्यावी?

उदारमतवादी लोकशाहीत व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि सर्वांचे हित समोरासमोर आले, तर पारडे कोणाकडे झुकावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बाजू आधीच ठरवून टाकणे हेच सर्वांत घातक ठरते. व्यक्तीकडून नेमके काय आणि किती घेतले जात आहे, घेतलेले पुन्हा देता येईल का, आणि ते घेण्यावाचून गत्यंतर नव्हते हे शासनाने सिद्ध केले आहे का, हे प्रत्येक प्रकरणात नव्याने विचारावे लागते. न विचारल्यास काय होते, हे अमेरिकेतील एका निकालाच्या पुढच्या प्रवासावरून स्पष्ट दिसते.

1902 साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज शहरात देवीची साथ पसरली, तेव्हा तेथील आरोग्य मंडळाने रहिवाशांनी देवीची लस टोचून घ्यावी, न घेतल्यास 5 डॉलर दंड भरावा, असे फर्मावले. हेनिंग जेकबसन या धर्मोपदेशकाला लहानपणी लसीचा त्रास झाला होता. त्याने लसही नाकारली आणि दंडही. 1905 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. मला हा निकाल योग्य वाटतो, कारण देवीचा संसर्ग नकार देणाऱ्याच्या उंबरठ्यापाशी थांबत नाही, तो शेजारच्या घरातल्या लेकरापर्यंत जातो. शिवाय जेकबसनला धरून, दाबून लस टोचण्याची मुभा त्या कायद्याने कोणालाही दिली नव्हती. शिक्षा होती ती दंडाची. मनमानी किंवा जुलमी वाटेल इतक्या थराला गेलेल्या सक्तीत न्यायालये हस्तक्षेप करू शकतात, असेही न्यायमूर्ती हार्लन यांनी त्याच निकालपत्रात नोंदवून ठेवले होते.

ही मर्यादा पुढे विसरली गेली. व्हर्जिनिया राज्याने कॅरी बक या तरुणीला मतिमंद ठरवून तिची सक्तीने नसबंदी करायचे ठरवले, आणि 1927 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मताने त्याला मान्यता दिली. न्यायमूर्ती होम्स यांनी आधाराला एकच पूर्वनिर्णय घेतला, तो जेकबसनचा: सक्तीच्या लसीकरणाला पेलणारे तत्त्व स्त्रीच्या बीजवाहिन्या कापण्यालाही पुरेल इतके व्यापक आहे, असे त्यांनी लिहिले. पाच डॉलरचा दंड कुठे आणि जन्मभराचे मातृत्व हिरावून घेणे कुठे! साथ नव्हती, संसर्ग नव्हता, आणि कॅरी मतिमंद नव्हती हेही पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. ‘सार्वजनिक हित’ हा शब्द तेवढा दोन्हीकडे सारखा होता, आणि न्यायालयाने त्या शब्दाकडेच पाहिले.

आपल्याकडे हे घडणार नाही असे समजण्याचे कारण नाही. आणीबाणीत, 1976 साली, तीन हयात अपत्ये असलेल्यांना नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही. परंतु कायद्यावाचूनही 1976-77 या एका वर्षात देशभर 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. माझे वडील तेव्हा मराठवाड्यात प्राथमिक शिक्षक होते. ठरलेल्या ‘केसेस’, म्हणजे नसबंदीसाठी तयार झालेली माणसे, आणल्याशिवाय पगार निघणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. ज्या पालकांच्या घरी ते मुलांना शाळेत पाठवा म्हणून विनवायला जात, त्याच घरांची दारे त्यांना पाहून बंद होऊ लागली, हे सांगताना त्यांचा आवाज म्हातारपणीही बदलत असे. लोकसंख्येची चिंता खोटी नव्हती. पण हेतू खरा असणे पुरेसे नसते, आणि लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने हात वर करणेही पुरेसे नसते.

या अनुभवातून आपल्या न्यायव्यवस्थेने हळूहळू एक कसोटी घडवली. 24 ऑगस्ट 2017 रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्या निकालानुसार, शासनाला या हक्कावर मर्यादा आणायची असेल तर तिला कायद्याचा आधार हवा, उद्देश वैध हवा आणि योजलेला उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा. 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी कोविड लसीला लावली. कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, मात्र समाजाच्या आरोग्यासाठी शासन काही निर्बंध घालू शकते, पण ते या कसोटीवर टिकले पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले. मला ही मांडणी पटते, कारण पुरावा देण्याचा भार ती सत्ता ज्याच्या हाती आहे त्याच्यावर टाकते.

मुंबईच्या लोकलला ही कसोटी लावून पाहा. 15 ऑगस्ट 2021 पासून सामान्य प्रवाशांपैकी, दुसरी मात्रा घेऊन 14 दिवस झालेल्यांनाच लोकलचा प्रवास खुला झाला. उद्देशाबद्दल मला शंका नाही. गच्च भरलेल्या डब्यातला संसर्ग ही कल्पनेतली भीती नव्हती. पण 18 वर्षांवरील सर्वांना केंद्राची मोफत लस मिळू लागली ती 21 जूनपासून, आणि कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये 84 दिवसांचे अंतर शासनानेच ठरवलेले होते. म्हणजे पहिल्याच दिवशी कोविशील्डच्या रांगेत उभ्या राहिलेल्या तरुणालाही सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत लोकलचा पास मिळणे शक्य नव्हते. त्याने काहीच नाकारले नव्हते. जेकबसनपुढे निदान निवड होती. विरारहून चर्चगेटला रोजंदारीवर जाणाऱ्या या मुलापुढे तीही नव्हती, आणि बससाठी रोज जास्तीचे पैसे आणि तास मोजण्याची शिक्षा मात्र होती. पहिली मात्रा घेतलेल्याला, दुसरीची तारीख येईपर्यंत, चाचणीचा अहवाल दाखवून प्रवास करू दिला असता, तर संसर्गाची काळजीही घेतली गेली असती आणि त्याची रोजीही टिकली असती.