विशारद आहे, पण कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळेत कथक शिकवता येईल का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी फ्रिमॉन्टला राहते, पुण्यात एमकॉम केलंय आणि गांधर्वची कथक विशारद आहे. घरी क्लास घेते. आता ईएडी (इथे काम करायचा परवाना) आलंय तर इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये डान्स टीचर म्हणून लागावं असं फार वाटतंय. एक मैत्रीण म्हणते पीईचं, म्हणजे शारीरिक शिक्षणाचं क्रेडेन्शियल (शिकवायचा परवाना) घ्यावं लागेल, दुसरी म्हणते विशारदवर काम होऊन जाईल. खरं काय?

उत्तर: पीईवाली मैत्रीण जुनं सांगतेय, पण ते खोटं नव्हतं. 1970 साली शिक्षकांच्या परवान्यांसाठी राज्याचा रायन अ‍ॅक्ट हा कायदा आला आणि त्यात चित्रकला, संगीत राहिले पण नाच नि नाटकाचं वेगळं क्रेडेन्शियलच गेलं, नाच पीईच्या खात्यात आणि नाटक इंग्लिशच्या. म्हणजे आयुष्यभर नाच शिकलेल्या माणसाने शाळेत नाच शिकवायला आधी खेळांच्या विषयात पास व्हायचं! हॉलिवूड ज्या राज्यात आहे तिथे हे पंचेचाळीस वर्षं चाललं याचा मला अजून राग येतो. शेवटी 2016 मध्ये सेनेटर बेन अ‍ॅलन यांचं एसबी 916 हे बिल पास झालं, गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली, मग निकष नि परीक्षा तयार व्हायला आणखी काही वर्षं गेली, पण आता डान्सचं आणि थिएटरचं स्वतंत्र क्रेडेन्शियल मिळतं. तुम्ही तेच घ्या.

आता विशारद. गुरूंपुढे केलेला तो रियाज वर्गात पदोपदी उपयोगी पडेल, पण क्रेडेन्शियल देणारं राज्याचं कमिशन त्या सर्टिफिकेटवर परवाना देत नाही. त्यांना लागते बॅचलर्स डिग्री, आणि भारतातली असेल तर कमिशनने मान्य केलेल्या एजन्सीकडून तपासून घेतलेली. आपल्या तीन वर्षांच्या बीकॉमवर इथे कधीकधी अडतं, म्हणून एमकॉमच्या मार्कशीटही सोबत द्याच. मग विषयाचं ज्ञान दाखवायचं. 2021 पासून ते त्या विषयातली डिग्री, कोर्सवर्क किंवा सीसेट नावाची विषयाची परीक्षा यातल्या कशानेही दाखवता येतं. तुमची डिग्री कॉमर्सची, त्यामुळे बहुतेक सीसेटच. ती कथकपुरती नसते हं, कोरिओग्राफी, नृत्याचा इतिहास, शरीर कसं चालतं, बाकीच्या शैली हे सगळं वाचावं लागेल. त्याशिवाय टीचर प्रेपचा, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचा प्रोग्राम, त्यात 600 तास शाळेतली प्रॅक्टिस, आणि फिंगरप्रिंट. मग प्रिलिमिनरी (सुरुवातीचं) क्रेडेन्शियल हातात येतं ते पाच वर्षांचं, त्या काळात नोकरी करत इंडक्शन, म्हणजे नव्या शिक्षकांसाठीचा मार्गदर्शनाचा कार्यक्रम पूर्ण केला की क्लिअर, म्हणजे पूर्ण क्रेडेन्शियल.

एवढं नको वाटलं तर सीटीई (करिअर-टेक्निकल एज्युकेशन) नावाचं एक वेगळं क्रेडेन्शियल आहे, त्याला डिग्री लागत नाही, त्या क्षेत्रातला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. पण तो अनुभव कागदावर सिद्ध करावा लागतो, आणि शिकवता येतात फक्त करिअर-टेक्निकल म्हणून नोंदलेले कोर्स. माझं विचाराल तर तुमचं शिक्षण आहे, हाताशी वेळ आहे, पूर्ण क्रेडेन्शियलच घ्या. आत्ता घेण्याला कारणही आहे, नोव्हेंबर 2022 मध्ये मतदारांनी प्रॉप 28 हा मतदानाला ठेवलेला कायदा पास केला, त्यामुळे शाळांना कलांसाठी दरवर्षी वेगळा पैसा येतो आणि 500 किंवा जास्त मुलं असलेल्या स्कूल डिस्ट्रिक्टला (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) त्यातला किमान 80 टक्के माणसं नेमण्यावरच घालावा लागतो.

प्रश्न: मी सनीव्हेलला असतो, पुण्याच्या ललित कला केंद्रातून नाटकात एमए केलंय. मलाही हेच सगळं करावं लागेल का?

उत्तर: प्रेप प्रोग्राम आणि 600 तास तुम्हालाही आहेतच, पण डिग्रीच नाटकाची असल्यामुळे डिग्रीची तपासणी नीट झाली तर सीसेट टळू शकते, म्हणून प्रोग्रामला अर्ज करताना पहिल्यांदा हेच विचारा. आणि एक लक्षात ठेवा, थिएटरचं वेगळं क्रेडेन्शियल सुरू होण्याआधीपासून इंग्लिशचं क्रेडेन्शियल असलेले शिक्षक कायद्याने अजूनही नाटक शिकवू शकतात, त्यामुळे बऱ्याच शाळा दोन तास नाटक नि बाकी इंग्लिश अशी जागा काढतात. जाहिरात नुसती ड्रामा टीचर म्हणत असेल तर डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करून क्रेडेन्शियल कुठलं हवंय ते विचारून मगच अर्ज भरा.