कोर्टाची पायरी : जामीन राहण्याआधी

प्रश्न : मेव्हण्यावर मारामारीची केस आहे. मी जामीन राहावं म्हणून सासुरवाडीकडून गळ घातली जातेय. ही पद्धत इंग्रजांनी आणली म्हणे. त्याआधी आरोपी पळून जाऊ नये म्हणून काय करत?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : हे इंग्रजांच्या माथी मारू नका. पेशवाईतही जामीन होताच. माणूस हजर करण्याची हमी देणारा हाजीर जामीन, पैशाची हमी देणारा माल जामीन आणि तो पुन्हा वाकडं वागणार नाही अशी हमी देणारा फैल जामीन. वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या न्यायसभेपुढे गेला की 'ही सभा मान्य, निकाल पाळू' असा राजीनामा आणि जामीन दोन्ही बाजूंकडून आधी लिहून घेत. मग कैफियत, म्हणजे ज्याची त्याची बाजू.

बोलावूनही न येणाऱ्याचा बंदोबस्त मात्र भारी होता. बोलावणं आणणाऱ्या प्याद्याची फी, म्हणजे मसाला, ज्याला बोलावलं त्यालाच भरावी लागे. तरी हलला नाही तर मोहसल, म्हणजे सरकारी शिपाई दारात येऊन बसे आणि त्याचा खर्च घरधन्याच्या माथी. जितकी टाळाटाळ, तितकी जेवणं. शिवाय सगळी आळी बघतेय. समन्स 'घरी मिळाले नाहीत' असा शेरा मारून परत आलेले बघण्यात माझी कारकुनी गेली. मला तर हेवा वाटतो.

आजही फरारी आरोपीचा जाहीरनामा गावात मोठ्याने वाचतात, घराच्या दर्शनी भागी डकवतात. हजर व्हायला किमान ३० दिवस देतात. तरी आला नाही तर मालमत्तेवर जप्ती.

गोची आहे ती जामीनदाराची. पूर्वी गाव त्याला ओळखत असे. आता कोर्ट सातबारा बघतं. आमच्या आवारात झाडाखाली भाडोत्री जामीनदार बसलेले असत. साहेबांनी 'आरोपीचं नाव काय?' विचारलं की एकजण हळूच तळहात बघायचा. तिथे पेनाने लिहिलेलं असायचं, घामाने पुसटलेलं. आणि ज्याला ना जमीन, ना भाड्याला पैसे, तो आत. मध्य प्रदेशात मोतीराम नावाच्या गवंड्याला सुप्रीम कोर्टाने जामीन दिला, तर मॅजिस्ट्रेटने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला. त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून तोही नाकारला. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर त्याला सोडायला सांगितलं. तरीही कोर्टाकोर्टांत अजून 'स्थानिकच आणा' चालतं, हे मला पटत नाही.

आता तुमचं. मेव्हणा तारखेला आला नाही तर बंधपत्र, म्हणजे हमीचा कागद, जप्त होतं, आणि रक्कम का वसूल करू नये अशी नोटीस तुम्हाला येते. समाधानकारक कारण दिलंत तर कोर्ट रक्कम कमी करू शकतं. आकडा वाचल्याशिवाय सही करू नका. सातबाऱ्यावर भावांची नावं असतील तर त्यांना आधी सांगा. पुढे तो तारखा चुकवू लागला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, कलम ४८९ खाली 'मला जामिनातून मोकळं करा' असा अर्ज देता येतो. कोर्ट वॉरंट काढून त्याला आणवतं, तुम्हाला सोडतं आणि त्याला दुसरा जामीनदार आणायला सांगतं. सासुरवाडीला काय सांगायचं, हे मात्र त्या कलमात नाही.