पॉइंट देण्याआधी हिशोब कोण ठेवणार ते ठरवा

तुमच्या फाइल शेअरिंग ॲपमध्ये लोक फाइल घेतात आणि लगेच गायब होतात, म्हणून अपलोडला पॉइंट द्यायचे का असं विचारलंय. ज्याचा अपलोड त्याच्याच ॲपने मोजून सांगायचा असेल तर अजिबात नका देऊ. काझा या जुन्या फाइल शेअरिंग ॲपमध्ये तेच होतं, मग काझा लाइट ही त्याचीच बदललेली आवृत्ती आली, त्यात आकडा कायम सगळ्यात वरचा, संपला विषय. आणि काहीच बंधन नसलं तर काय होतं तेही बघून झालंय, २००० साली ॲडार आणि ह्युबरमन या संशोधकांनी न्यूटेला हे फाइल शेअरिंगचं नेटवर्क तपासलं तेव्हा ७० टक्क्यांच्या आसपास लोक एकही फाइल शेअर करत नव्हते.

बिटटॉरेंट म्हणजे फाइल तुकड्या-तुकड्यांनी एकमेकांकडून घ्यायची पद्धत, ती बनवताना ब्रॅम कोहेनने समोरच्याला हिशोब विचारलाच नाही, म्हणून मला ते आवडतं. तुझ्याकडून मला आत्ता किती स्पीड मिळतोय ते मीच बघणार, दर १० सेकंदांनी, आणि चांगलं देणाऱ्या मोजक्या लोकांनाच माझा अपलोड, बाकीचे चोक, म्हणजे त्यांना देणं तेवढ्यापुरतं बंद. थापा मारायला जागाच नाही. फक्त नवीन आलेल्याकडे द्यायला एक तुकडाही नसतो, म्हणून अपलोडची एक जागा दर ३० सेकंदांनी कुणालाही, काही न बघता. ती जागा कृपया काढू नका. बिटथीफसारखी बिटटॉरेंटची ॲप काही न देता त्यावर जगले हे खरं, पण ती बंद केली तर नवा माणूस आत येणारच कसा?

खरी गळती पुढे आहे, फाइल पूर्ण झाल्यावर. तेव्हा घेणाऱ्याला कुणाकडून काहीच नको असतं, मग तो थांबेल कशाला. मी एकदा एक मोठी फाइल टाकली आणि सगळ्यांकडे पोचली असेल असं समजून मशीन बंद केलं, दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळेच्या सगळे ९७ टक्क्यांवर अडकलेले, उरलेले तेच ते तुकडे कुणाकडेच नव्हते, फार वाईट वाटलं. त्यामुळे दुर्मिळ तुकडा आधी घ्यायचा हा नियम ठेवाच, आणि फाइल झाल्यावर सीडिंग, म्हणजे इतरांना देत राहणं, आपोआप चालू राहू दे, बंद करायचं तर त्याने हाताने करावं.

रेशोची, म्हणजे अपलोड भागिले डाउनलोड या आकड्याची, सक्ती करताना एवढं बघा, एकूण जेवढं अपलोड तेवढंच डाउनलोड, म्हणजे सगळेच १ च्या वर जाऊच शकत नाहीत, आणि मार खातो तो कमी अपलोड स्पीडवाला, प्रामाणिकपणे रात्रभर सीड करत बसलेला. त्यापेक्षा किती तास सीड केलं ते धरा, आणि तो आकडाही त्याच्या ॲपला विचारू नका, ट्रॅकरने, म्हणजे कोण कोण जोडलंय याची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरने, अधूनमधून स्वतः त्याच्याकडून एखादा तुकडा मागून बघावा.