लाईनीच्या टोकाची मोटार

अंबाजोगाई

प्रिय लेकरा,
अनेक आशीर्वाद.

ॲक्शन पोटेन्शियलचा, म्हणजे नर्व्हमधून जाणाऱ्या विजेच्या संदेशाचा, ग्राफ बरोबर काढूनही दहापैकी तीनच मार्क पडले म्हणून तू नाराज आहेस. उत्तराचे फोटो नीट पाहिले. पहिलीच ओळ आहे, ‘तारेतून वीज वाहते तसा नर्व्हमधून संदेश वाहतो.’ गाडं तिथंच अडलंय. पुढचा ग्राफ मग नुसता पाठ केलेला राहतो.

तुमच्या शेतातली मोटार आठव. बोअर लाईनीच्या टोकाला, डीपीपासून लांब. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की तुमची नुसती गुरगुरते, पाणी उचलत नाही. तारेत विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, असा वाटेतच पडत जातो. नर्व्ह तर तांब्याच्या मानाने फारच वाईट वाहक. नुसत्या वाहण्यावर भिस्त असती तर काही मिलिमीटरमध्येच संदेश विरला असता. तरी कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतच्या, जवळपास मीटरभर लांब तंतूच्या टोकाला तो निघाला तेवढाच जोरकस पोचतो.

कसा, ते उन्हाळ्यात बांधावरचं वाळलेलं गवत पेटतं तेव्हा बघ. काडी एका टोकाला लागते, पण पुढं प्रत्येक ठिकाणचं गवत स्वतःच जळतं. म्हणून शेवटच्या हातभर जागेतही जाळ तेवढाच उंच. मागं राख उरते, म्हणून आग उलटी फिरत नाही.

तंतूच्या आत, बाहेरच्या मानाने, साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतात. बाहेर सोडियम भरपूर, आत पोटॅशियम. शेजारच्या जागेने ढकलून दाब उणे ५५ च्या आसपास आणला की इथले सोडियम चॅनल, म्हणजे तंतूच्या पडद्यातली सोडियमची दारं, धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतं आणि दाब शून्य ओलांडून अधिक ३० च्या आसपास जातो. लगेच ते चॅनल मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं, दाब उतरतो. मिटलेले चॅनल क्षणभर उघडतच नाहीत. ही झाली राख. गवताला पुन्हा यायला पावसाळा लागतो, इथं काही मिलिसेकंद पुरतात.

दाब खाली आणतो तो पंप, म्हणजे तंतूच्या पडद्यातलाच सोडियम-पोटॅशियम पंप, असंही तू लिहिलंयस. दरवर्षी निम्मा वर्ग इथं चुकायचा. पंप तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, असं संथपणे साठा राखतो. एका संदेशात इतके थोडे आयन (सोडियम-पोटॅशियमचे विद्युतभारित कण) इकडचे तिकडे होतात की पंप बंद पाडला तरी स्क्विडचा जाड तंतू हजारो संदेश देऊ शकतो. याच समुद्री प्राण्याच्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तंतूत इलेक्ट्रोड सरकवून हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ साली हा सगळा हिशोब मांडला. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मला स्वतःला हे पुस्तकातून कळलं नव्हतं. इंटर्न असताना, भाद्रपदातल्या एका रात्री, मण्यार चावलेला शेतमजूर आला. सूज नाही, जखम दिसेना. पहाटे त्याच्या पापण्या मिटल्या त्या उचलेनात. लेकाने हाक मारली की उजव्या हाताचं बोट तेवढं हलायचं. मेंदू जागा होता. संदेश तंतूतून धावत टोकाला पोचत होता. पण नर्व्ह आणि स्नायू यांच्यात फट असते, तिथं वीज उडी मारत नाही; टोकातून ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन सुटावं लागतं. मण्यारीच्या विषाने नेमकं ते टोकच निकामी केलं होतं. त्याला सावरायला दिवस लागतात, तोवर श्वास आपण द्यायचा. व्हेंटिलेटर मोकळा होईपर्यंत आम्ही आळीपाळीने अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, दाबत बसलो. माणूस वाचला.

कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेला पेशंट याच फटीची दुसरी तऱ्हा दाखवतो. तिथं ॲसिटिलकोलीन मोडणारं एंझाइमच बंद पडतं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, स्नायूंची थरथर. आपल्या भागात हे दोघेही तुला कॅज्युअल्टीत भेटतील, त्यांना सोडून जाऊ नकोस. शेजारी उभं राहून विचार कर, गाडं कुठल्या जागी अडलंय?

दिवाळीला येशील तेव्हा ग्राफ आणू नकोस. एवढंच सांग: तंतूबाहेरचं सोडियम अर्ध्यावर आणलं तर शिखराची उंची तेवढीच राहील की घटेल, आणि का?

मायला नमस्कार सांग.

तुझा,
सर