‘ऊट’ की ‘ऊठ’? जुन्या मालिकेवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ‘डिफरंट स्ट्रोक्स’ या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेवर मजकूर होता. त्यावर सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : मालिका मी पाहिलेली नाही. थोडक्यात काय आहे आणि कुठून सुरुवात करावी? (शहापूर, बेळगाव)

न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवर राहणारा गोरा, श्रीमंत विधुर फिलिप ड्रमंड आणि त्याची मुलगी किंबर्ली. त्यांच्या घरी काम करणारी हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीतली बाई वारते. तिला दिलेल्या शब्दाखातर ड्रमंड तिची दोन मुलं, विलिस आणि आर्नोल्ड, घरी आणतो आणि पुढे रीतसर दत्तक घेतो. मालिकेचं नाव म्हणजे आपलं ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’. ती 3 नोव्हेंबर 1978 ला एनबीसी वाहिनीवर सुरू झाली, शेवटचा आठवा हंगाम एबीसी वाहिनीवर गेला आणि मार्च 1986 मध्ये संपली. एकूण भाग दीडशेहून जास्त.

सगळे पाहायची गरज नाही. पहिला भाग पाहा, पहिल्या हंगामातले आणखी चार-पाच पाहा आणि थेट 1984 वर या. तिथे ड्रमंड मॅगीशी लग्न करतो आणि तिचा मुलगा सॅम घरात येतो. सावत्र नात्यांची खरी ओढाताण तिथेच आहे. मधे स्वयंपाकघरातली बाई बदललेली दिसली तर भाग सुटला असं समजू नका. मिसेस गॅरेट 1979 मध्ये ‘द फॅक्ट्स ऑफ लाइफ’ या स्वतंत्र मालिकेत गेल्या, मग अ‍ॅडलेड आली, मग पर्ल. मॅगीचं तर माणूसच बदललं : आधी डिक्सी कार्टर, शेवटच्या हंगामात मेरी अ‍ॅन मोब्ली.

शेवटचे दोन हंगाम मात्र खटकतात. आर्नोल्ड झालेल्या गॅरी कोलमनचा जन्म 1968 चा. मूत्रपिंडाच्या आजारामुळे त्याची उंची खुंटली होती. तो सतरा वर्षांचा झाला तरी लेखक त्याला आठ-दहा वर्षांच्या पोराचेच विनोद देत राहिले.

प्रश्न : गल्लीच्या गणेशोत्सवात 35 मिनिटांचं विनोदी नाटुकलं बसवतोय. मराठी वडील, कन्नड आई, दोघांचं दुसरं लग्न, दोघांचं एकेक मूल. या मालिकेतून काय घ्यावं? (टिळकवाडी)

गोष्ट घेऊ नका, सांगाडा घ्या. एक खोली, एक दार, एक दिवस. मोठा गुंता एक आणि त्याच्या कडेनं चालणारी किरकोळ भानगड एक. मोठा गुंता बाहेर शोधायला नको. शाळेचा अर्ज घ्या : मुलगा त्याच्या वडिलांचा, मुलगी तिच्या आईची, अर्ज दोन, आणि दोन्हींत ‘मातृभाषा’ हा रकाना. संध्याकाळच्या आत भरायचा. एवढ्यावर 35 मिनिटं आरामात निघतात. सीमाप्रश्न मात्र आजीच्या तोंडी घालू नका. दहा मिनिटांत नाटकाची सभा होते.

आपल्या घरात कातडीच्या रंगाची जागा भाषा घेते, म्हणून विनोदही कानाचाच हवा. कन्नड आई ताट वाढून म्हणते, ‘ऊट माड’, म्हणजे जेव. मराठी पोरगा ताडकन उभा राहतो, कारण त्याला ‘ऊठ’ ऐकू येतं. आई दटावते, ‘इल्लि केळ’, इकडे ऐक. पोरगा आत जाऊन केळ आणतो. उलटा फासही हवा : मुलीला दूध नको, ती ‘ब्याड’ म्हणते आणि मराठी आजीला ‘ब्याद’ ऐकू येतं. नाटकभर असे तीनच ठेवा. चौथ्याला प्रेक्षक आधीच हसून मोकळे होतात, नट मागे राहतो. हसू ऐकण्याच्या चुकीवर यायला हवं, बोलीवर नाही. त्यामुळे जो फसतो त्याला पुढच्या प्रवेशात जिंकू द्या. उच्चार कन्नड माणसाकडून बसवून घ्या. ‘ऊट’मधला ‘ट’ पूर्ण म्हणायचा, मराठीसारखा तोडायचा नाही. तोडला तर समोरच्या कन्नड प्रेक्षकाला गंमत नाही, नटाची चूक दिसते.

कन्नड वाक्याचा मराठी अर्थ लगेच पुढच्या वाक्यात सांगण्याचा मोह होतो. तो टाळा, त्यानं प्रवेशाची चाल मोडते. अर्थ कृतीतून किंवा समोरच्याच्या उत्तरातून कळला पाहिजे. ताट पुढे सरकवलं की ‘ऊट’ कळतंच.

मूळ मालिकेची सर्वांत मोठी कमजोरी इथे दुरुस्त करता येते. हार्लेमची मुलं पार्क अव्हेन्यूवर आली, पण हार्लेम त्यांच्या मागोमाग फारसं आलं नाही. वाट एकाच बाजूनं चालली. तुमच्या नाटकात आईचा भाऊ बैलहोंगलहून येऊ द्या. मुलीचा तो सख्खा मामा, मुलाचा अजून कुणीच नाही. निघताना तो मुलीच्या हातावर शंभराची नोट ठेवतो, मग मुलाकडे वळतो, आणि खिशात हात घातलेलाच राहतो. त्या हाताकडे सगळं घर बघतंय. हा प्रवेश संवादांशिवाय बसवा.

आर्नोल्डला छळणारा गूच नावाचा पोरगा आठही हंगामांत पडद्यावर दिसत नाही. नुसत्या नावानं धाक. वरच्या मजल्यावरचा घरमालक तसाच करा : छतावर काठीचे तीन ठोके, बस्स. एक नट वाचतो.

रंगमंच 20 फूट रुंद असेल तर सोफा मधोमध, जरासा तिरका. जेवणाच्या टेबलाची प्रेक्षकांकडची बाजू रिकामी ठेवा. दार मागच्या भिंतीत, उजवीकडे, म्हणजे येणाऱ्याचा चेहरा आधी दिसतो. मंडपातला फ्लॅट, म्हणजे भिंत म्हणून उभी केलेली चौकट, दार आपटलं की हलतो आणि गंभीर प्रवेशात नेमकं त्यावर हसू येतं. मागून दोन तिरप्या लाकडी पट्ट्या ठोका, पायाशी वाळूची पोती टाका. टांगते माइक मोठ्यांच्या उंचीनं लावतात, मुलांचा आवाज त्यांच्याखालून निघून जातो. मुलांची महत्त्वाची वाक्यं पुढच्या कडेला आणा आणि तिथे फोमच्या तुकड्यावर दोन माइक जमिनीलगत ठेवा. फोम नसेल तर पावलांची धपधप तेवढी ऐकू येईल.

वेळेचा हिशेब : घड्याळ लावून मोठ्यानं वाचन करा. वाचनाला 26 मिनिटं लागली तर हालचाल आणि हसू धरून 33 ते 35 होतात. हसू पूर्ण थांबेपर्यंत नटानं थांबायचं नाही, अर्धं ओसरलं की पुढचं वाक्य. प्रेक्षक लांब बसलेले असतात, हसू उशिरा येतं. शेवटच्या दोन तालमी मंडपातच घ्या.

शेवटाला भाषण नको. टेबलावर तुपाचं भांडं कलंडतं, दोन्ही अर्ज भिजतात. आजी ओरडते ‘तूप!’, आई ओरडते ‘तुप्प!’, दोघी एकदम. नवे अर्ज उद्या आणायचे. पडदा.

प्रश्न : आर्नोल्डचं ‘व्हॉटचू टॉकिंग बाउट, विलिस?’ मराठीत कसं आणावं? (हल्याळ)

शब्द आणू नका, ठेका आणा. त्या वाक्याची गंमत आधीच्या क्षणभराच्या गप्प बसण्यात आहे : मान वळते, डोळे बारीक होतात, मग वाक्य. बेळगावी वळणात ‘काय सांगायलास, दादा?’ सहज बसतं. त्याचा कन्नड जोडीदार ‘एन हेळाकत्ती, अण्णा?’ जवळजवळ त्याच मापाचा आहे. दोन मुलांना एकेक वाटून द्या आणि शेवटच्या खेपेला अदलाबदल करा. 35 मिनिटांत तीनदा पुरे. मुलाला खरोखर पटलेलं नाही अशाच जागी ते यावं, नाहीतर नुसती टाळीची भीक होते.

प्रश्न : यात सायकलवाल्याचा एक भाग आहे, तो मुलांना दाखवावा का? (खानापूर)

फेब्रुवारी 1983 मध्ये दोन भागांत आलेला ‘द बायसिकल मॅन’, मुलांच्या लैंगिक शोषणावरचा. आधी मोठ्यांनी दोन्ही भाग एकटं बसून पाहा. सायकल दुकानदार मिस्टर हॉर्टन आर्नोल्ड आणि त्याचा मित्र डडली यांना हळूहळू जवळ करतो. आधी खाऊ, मग लाड, मग ‘घरी सांगू नका’. कुठेही आरडाओरडा, धमकी नाही, आणि हेच त्या भागानं बरोबर पकडलंय. आर्नोल्डला काहीतरी बिनसतंय असं वाटून तो निघून येतो, डडली तिथेच राहतो. आर्नोल्ड घरी बोलतो आणि ड्रमंड पोलिसांना बोलावतो.

चुकतं ते पहिल्या भागात. दुकानातल्या सुरुवातीच्या प्रवेशांवर प्रेक्षकांचं हसू येत राहतं, आणि लहान मूल ते हसू ऐकून ‘हे गमतीचं आहे’ असं धरून चालतं. म्हणून दहा वर्षांखालच्या मुलांना दाखवू नका. त्याहून मोठ्या मुलांना दोन्ही भाग एकाच बैठकीत दाखवा. पहिल्यावर थांबून झोपायला पाठवलं तर भीती अर्धवट राहते. नंतर ‘काय शिकलास?’ विचारू नका. एकच विचारा : दुकानदारानं कुठल्या क्षणी पहिल्यांदा चूक केली? मुलं बहुतेक शेवटचा प्रसंग सांगतात. तिथून एकेक पायरी मागं आणत ‘घरी सांगू नका’पर्यंत या. घरात नवं माणूस आलेलं असेल, सावत्र वडील किंवा भाऊ, तर हे बोलणं सख्ख्या पालकानं करावं आणि नवं माणूस समोर नसताना करावं. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे, तो पालक आणि मूल दोघांनाही पाठ असू द्या.

प्रश्न : ड्रमंडसारखं एकट्या पुरुषाला दोन भाऊ दत्तक घेता येतील का? आणि दुसऱ्या लग्नात बायकोच्या मुलाला नाव कसं द्यायचं? (निपाणी)

दोन कायदे आहेत आणि उत्तरं वेगळी आहेत. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याखाली मुलगी असताना मुलगा दत्तक घेता येतो, पण हयात मुलगा असताना दुसरा मुलगा घेता येत नाही. आर्नोल्ड दत्तक झाला की विलिसची वाट बंद. शिवाय रूढीनं मुभा नसेल तर मुलाला 15 पूर्ण झालेली चालत नाहीत.

2015 च्या बाल न्याय कायद्याखाली ही अडचण नाही, भावंडं एकत्र घेता येतात. एकट्या पुरुषाला मुलगी मात्र मिळत नाही. नोंदणी ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर, मग समाजसेवकाची गृहभेट. पालक आणि मुलात किमान 25 वर्षांचं अंतर लागतं. एकट्या पालकाची कमाल वयोमर्यादा मुलाच्या वयाप्रमाणे वाढते. 8 वर्षांवरच्या मुलासाठी ती 55 आहे. ड्रमंड झालेल्या कॉनराड बेन यांचा जन्म 1923 चा, मालिका सुरू झाली तेव्हा ते 55 चे. अगदी काठावर!

दुसऱ्या लग्नातलं मूल लग्नानं आपोआप तुमचं होत नाही. नुसतं शाळेच्या दाखल्यावर नाव बदलून वारसाहक्क मिळत नाही, आणि नेमकी इथेच पुढे भांडणं होतात. नवरा-बायको दोघांनी मिळून त्याच पोर्टलवर सावत्र पालक म्हणून नोंदणी करायची. मुलाचे जन्मदाते वडील हयात असतील तर त्यांची लेखी संमती, नसतील तर मृत्यूचा दाखला. ताब्याचा दावा कोर्टात चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत थांबावं लागतं. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तुमचं काम बेळगावला, डीसी ऑफिसात. अर्जात मुलाचं नाव जन्मदाखल्यावरच्या स्पेलिंगप्रमाणेच भरा. कन्नड आणि मराठी कागदांवर एकच आडनाव दोन तऱ्हेनं लिहिलेलं असतं आणि फाइल त्यावर परत येते.

प्रश्न : आमच्या नाटकात नऊ वर्षांचा मुलगा आहे. तालीम किती तास घ्यावी? (टिळकवाडी, वरच्याच मंडळाकडून)

चित्रीकरण आणि व्यावसायिक कार्यक्रमांतल्या बालकलाकारांसाठी नियम आहे : दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही आणि कमाईतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. पैशाचा भाग कशासाठी हे गॅरी कोलमनच्या बाबतीत दिसतं. त्याला मोठेपणी आपल्याच कमाईसाठी आईवडील आणि व्यवस्थापकावर दावा लावावा लागला आणि 1993 मध्ये सुमारे 12 लाख 80 हजार डॉलर मिळाले.

मंडळाच्या हौशी नाटकाला हा नियम लागू नसला तरी पाच तास नऊ वर्षांच्या मुलाला फारच झाले. दीड तास, त्यात मधे पंधरा मिनिटं सुट्टी, आणि त्याचे प्रवेश आधी. मोठ्यांचे प्रवेश संपेपर्यंत त्याला विंगेत बसवून ठेवलं की आठव्या दिवशी तो सगळ्यांची वाक्यं पुटपुटायला लागतो, आणि प्रयोगात ती माइकवर ऐकू येतात.