पंपाचं हँडल व्हॉल्व्हला कसं चाललं?

प्रश्न : ताई, मी शिरोली एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं सॉफ्टवेअर सी भाषेत लिहितो. पंप आणि व्हॉल्व्हची हँडल्स (कुठलं उपकरण ते कोडमध्ये सांगणारे नंबर) वेगळी राहावीत म्हणून इंट या पूर्णांकाच्या टाइपवरच टाइपडेफ करून दोन नावं दिली. तरी परवा व्हॉल्व्ह बंद करायच्या फंक्शनला पंपाचं हँडल गेलं आणि कंपायलर (कोड तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) गप्प. असं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कारण टाइपडेफ नवा टाइप करत नाही, जुन्यालाच आणखी एक नाव देतं. तुमच्या लेखी पंप आणि व्हॉल्व्ह दोन, कंपायलरच्या लेखी दोन्ही इंटच.

यात मी स्वतः पोळलेय. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या मशीनला मी रिलेचे (यंत्राचे भाग चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचे) नंबरच हँडल म्हणून वापरले होते. कूलंट ३, स्पिंडल ४. कूलंट बंद करायच्या एका ओळीत चुकून ४ गेला. टूल जॉबमध्ये रुतलेलं असतानाच स्पिंडल थांबला, कार्बाइडची टिप तुटली, जॉब भंगारात. ऑपरेटर बिचारा सांगत होता, "म्याडम, म्या कशालाबी हात लावला न्हाई वो." त्याचं खरंच होतं. चूक माझी होती, आणि मी टाइप वेगळे केले असते तर ती बिल्डच्या, म्हणजे कोड कंपाइल करण्याच्या, वेळीच सापडली असती.

तेव्हापासून मी प्रत्येक प्रकारच्या हँडलला स्वतंत्र स्ट्रक्ट (आपण स्वतः बनवलेला टाइप) करते, आत फक्त एक इंट. पंपाची स्ट्रक्ट व्हॉल्व्हच्या फंक्शनला दिली की कंपायलर तिथंच अडतो. वेग कमी होईल ही भीती नको: एआरएम प्रोसेसरवर ४ बाइटची अशी स्ट्रक्ट इंटसारखीच रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान जागेतून) जाते. एक गैरसोय आहे, दोन हँडल्स थेट दोन बरोबर-चिन्हांनी ताडता येत नाहीत, आतला इंट काढावा लागतो. मला ती चालते.

दुसरी रीत विंडोजची. १९९२ च्या विंडोज ३.१ पासून तिच्या हेडरमध्ये (टाइप आणि फंक्शनं जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) स्ट्रिक्ट नावाची सोय आहे. ती चालू केली की खिडकीचं हँडल आणि चित्र काढायच्या संदर्भाचं हँडल हे दोन वेगळ्या स्ट्रक्टांचे पॉइंटर (मेमरीतले पत्ते) होतात. पण सी मध्ये चुकीचा पॉइंटर दिला तर जुना जीसीसी हा कंपायलर फक्त वॉर्निंग देतो. ती थेट एरर झाली २०२४ च्या जीसीसी १४ मध्ये. शिवाय मध्ये कुठं व्हॉइड पॉइंटर (कशाचा ते न सांगणारा पॉइंटर) आला तर सगळं निमूट चालून जातं. म्हणून लहान कंट्रोलरवर मी स्ट्रक्टच घेते. रस्ट भाषेत हेच काम एका फील्डच्या टपल स्ट्रक्टनं (फील्डला नाव नसलेल्या स्ट्रक्टनं) होतं, झिग भाषेत खुल्या एनमनं (यादीबाहेरच्या किमतीही चालणाऱ्या टाइपनं).

आणखी एक, नंबर १ पासून सुरू करा. सी मध्ये ग्लोबल व्हेरिएबल आपोआप शून्य असतं. हँडल भरायचं राहून गेलं आणि शून्य हा तुमचा पहिला पंप असला, तर तोच पंप धडधडायला लागेल. शून्य म्हणजे "काहीच नाही" असं ठरवा आणि प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला तपासा.

हेडर बदलल्यावर पहिल्या बिल्डला एररची रांग लागेल. त्या एरर कास्ट टाकून, म्हणजे टाइप जबरदस्तीनं बदलून, गप्प करू नका. एकेक ओळ उघडून बघा. परवाची ओळ त्यातच असेल, आणि कदाचित अजून न फुटलेली एखादीही.